रिंगणवाल्या बाई

आमच्या डॉक्टरीणबाई माणसाच्या अंगावर लिहायच्या. कागदावरचं त्यांचं अक्षर मेडिकलवाल्यालाही धड लागत नसे. तो चिठ्ठी उलटीसुलटी करून शेवटी फोन लावायचा. पण हातावर, पाठीवर, पोटरीवर त्या जे काढत, ते शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही वाचता येई. ते एक रिंगण असे. अंगावर पित्ताची गांध उठली असेल, तर तिच्या कडेकडेने निळ्या बॉलपेनाने त्या रेघ ओढत आणि म्हणत, "उद्या याच टायमाले ये. पुसू नोको, घासू नोको. मले पाहू दे हे कुठं जाते."

ते पेन त्यांच्या अंबाड्यात खोचलेलं असायचं आणि त्यांना ते कधीही सापडायचं नाही. टेबल, खण, पर्स, तपासायच्या पलंगावरची चादर, सगळं शोधून व्हायचं. मग बाकड्यावरच्या बाया एका सुरात सांगत, "बाई, डोक्यात!" तेव्हा त्या आमच्यावरच चिडत. "मंग पयले सांगता येत नाई काय तुमाले?"

शिरपूरच्या स्टँडवरून मंदिराकडे जाताना त्यांचा छोटा दवाखाना होता, पुढे पत्र्याची पडवी. सरकारी नोकरी संपवून त्या आपल्या गावी येऊन बसल्या होत्या. पाटीवर त्यांचं नाव आणि पदव्या होत्या, पण ते नाव कोणी घेत नसे. सगळे रिंगणवाल्या बाई म्हणत. दवाखान्यात आईबरोबर आलेली लहान पोरंही हात पुढे करत, "मलेबी काढून द्या ना." बाई त्यांच्या मनगटावर घड्याळ काढून देत.

मी या गावची नाही. माझं माहेर पार तिकडे, कोकणात. आठवीतून शाळा सुटली, मग काजू फोडायला जात होते. आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं, तेव्हा रोलर चालवायला वाशीम जिल्ह्यातला एक माणूस आला आणि त्याच्याशी माझं लग्न झालं. दोन दिवसांचा प्रवास करून मी शिरपूरला आले तेव्हा उन्हाळा होता. खिडकीतून बाहेर बघितलं तर जमीन काळी, भेगा पडलेली, आणि लांबवर एक माड नाही. नवरा रोलरबरोबर गावोगाव जायचा, सासूबाई दिवसभर शेतावर. घरात एकटी बसून मन खायला उठायचं, म्हणून मी जैन यात्रेकरूंच्या भोजनशाळेत पोळ्या लाटायला लागले. तिथली मुख्य स्वयंपाकीण म्हणजे गोदामावशी. मला भाषा कळत नव्हती तेव्हा हाताला धरून शिकवणारी तीच. या मुलखात माझं म्हणावं असं काही होतं, तर ते भोजनशाळेतलं माझं पोळपाट-लाटणं.

पहिला पावसाळा सरला आणि माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं. आधी मांडीवर, मग पोटावर, जिथे परकराची नाडी आवळते तिथे, मग हातांवर, गळ्याला. गुलाबी, फुगलेल्या, मध्ये पांढरट गांधी, गांधीलमाशा चावल्यासारख्या. आणि खाज अशी, की भिंतीला पाठ घासावी. दिवे लागायच्या सुमारास हमखास यायचं. भोजनशाळेतली जेवणावळ सूर्य मावळायच्या आत उरकते, त्यामुळे तिथे कोणाला दिसायचं नाही. घरी गेले की सुरू. सकाळी अंग साफ, जणू काही झालंच नव्हतं. कोणाला दाखवायला जावं तर दाखवायला काही नाही.

गोदामावशीला सांगितलं, तर तिने लगेच निकाल दिला. "तुले इथलं पानी लागलं व माय. समुद्राकडची पोरगी तू. आमचं पानी तुह्या आंगाले मानवत नाई." शेजारणीही तेच म्हणाल्या. सासूबाईंनी हळू आवाजात माझ्या नवऱ्याला विचारलं, "इले माहेरी धाडतं काय काही दिवस?" कोणी वाईट म्हणून बोलत नव्हतं. पण माझ्या मनात ते रुतून बसलं, की ही जागा मला नको म्हणते आहे. लाटताना, धुताना, झोपताना तेच. या गावाने मला ठेवून घेतलं नाही, तर मी कुठे जाऊ?

पित्तावरचा इकडचा इलाज तुम्हाला माहीत असेल. अंगाला गेरू चोळायचा आणि घोंगडी पांघरून उबेला बसायचं. एका दुपारी भोजनशाळेतच उठलं, तेव्हा गोदामावशीने मला कोठारात नेलं. पायापासून कपाळापर्यंत गेरू चोळला, खरखरीत घोंगडी लपेटली आणि भट्टीच्या मागच्या भिंतीशी बसवलं. "घाम येऊ दे. सारं पित्त भाईर निंघन." घाम आला. त्याबरोबर अंग पेटलं. घोंगडी जिथे जिथे टोचत होती, तिथे तिथे नवी गांध. थोड्या वेळाने मला माझा वरचा ओठ जड लागायला लागला. मावशीने घोंगडी बाजूला केली आणि तिच्या तोंडून "अव माय!" एवढंच निघालं. ओठ नाकापर्यंत सुजला होता. तिने मला तशीच, लालभडक, रिक्षात घातली आणि रिंगणवाल्या बाईंकडे नेलं.

बाईंनी मला बघितलं. आधी त्या हसल्या नाहीत. "जीभ काढ. श्वास घेता येते? थुंकी गिळ. आवाज काढ, 'आ' मन." सगळं ठीक आहे हे कळल्यावर त्यांनी दंडात सुई दिली, मला उताणं निजवलं, नाडी धरून बसल्या. ओठ उतरायला लागला तेव्हा चष्मा कपाळावर सारून गोदामावशीकडे वळल्या.

"काय व गोदे, पोळ्याले अजून टाइम हाय. आत्तापासूनच बैल रंगवून आणला?"

मावशी खाली बघत पुटपुटली, "आमच्या सासूनं सांगतलं होतं."

"तुही सासू लय चांगली होती. पन तिले गांध उठली होती काय कधी? गरम केलं, घासलं, आवळलं की हे जास्त उठते. जाय, मागच्या नळावर इले थंड पान्यानं धू. मले कातडी पाहू दे."

त्या दिवशी माझ्या हातावर बाईंनी तीन रिंगणं काढली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आम्ही गेलो. तिन्ही रिंगणं जागेवर, आतल्या गांधी गायब. दुसरीकडे, कोपराजवळ, नवीन उठलेल्या. मावशीने बोट ओलं करून रिंगणाच्या आतली कातडी घासून बघितली. बाई म्हणाल्या, "पाह्य. गांध गेली, घर रिकामं. डाग नाई, खपली नाई. जे एका दिवसात आपल्या पायानं जाते, ते कातडीचं दुखनं नाई. ना हे कोनाले लागत, ना कोनापासून आलं. एकच रिंगण दोन दिवस भरलेलं राह्यलं असतं, दुखलं असतं, मागं निळा डाग ठेवला असता, तर मी तुले आजच वाशीमले धाडलं असतं."

मी विचारलं, "पण मग आलं कशाने?"

"मले नाई माहीत," बाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी डॉक्टरच्या तोंडून हे ऐकलं. माझा जीव घाबरला. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "आयक. तुमच्या गल्लीत राखनीचं कुत्रं हाय ना? चोर आला की भुंकते. भुंकाच पाह्यजे. पन एखांद्याचं कुत्रं पानं हाललं तरी भुंकते. आपल्या आंगात असेच राखनदार बसले असतात कातडीखाली. तुहे राखनदार उगाच भुंकून राह्यले. दीड महिन्याच्या वर हे चाललं की बहुतेकांत चोर सापडतच नाई. मंग चोराच्या मागं धावाचं का कुत्र्याले शांत कराचं?"

"कुत्र्याला," मी म्हणाले.

"त्याले भाकर टाकाची. पन रोज. भुंकलं तरी रोज, नाई भुंकलं तरी रोज. ही गोयी म्हणजे भाकर."

तपासण्या त्यांनी केल्या, नाही असं नाही. थोडं रक्त घेतलं, गळ्याच्या ग्रंथीचंही बघितलं. सारं बरोबर निघालं. मेडिकलमधून नवरा आणायचा त्या गोळीने मला लाटता लाटता डुलकी लागायची. बाईंनी ती बंद केली आणि झोप न आणणारी दिली. अंगदुखीची म्हणून मी येता जाता एक गोळी घ्यायचे, तीही बंद. "त्यानं कुत्रं आनखी पिसाळते." एका गोळीने भागलं नाही तेव्हा दोन केल्या. पण बजावलं, "वाढवाची ते माह्या विचारानं. तुह्या नाई, गोदीच्या त बिलकूल नाई." आणि एक गोष्ट त्या प्रत्येक खेपेला म्हणायच्या, पाठ झाली होती मला. "जीभ सुजली, आवाज बसला, दम कोंडला, तर माह्या दारात येऊन बसू नोको. सरळ गाडी करून वाशीम."

आठवडी बाजाराला एक डॉक्टर यायचा. तो सुई द्यायचा आणि पित्त त्याच दिवशी गप्प. मी बाईंकडे हट्ट धरला, मला तीच द्या. बाई भडकल्या. "तुहा ओठ सुजला तवा मी दिली ना सुई? थे आगीसाठी होती. रोज चूल पेटली मनून रोज आगीचा बंब बोलावतं काय? त्या सुईनं तोंड सुजन, साखर वाढन, हाडं ठिसूळ होतीन, आन बंद केली की पित्त दुप्पट." मग एकदम आवाज खाली आणून, "मले समजते व. खाज सहन होत नाई. मेल्यापेक्षा वाईट वाटते. थांब थोडं." त्या चिडल्या की बरं वाटायचं, कारण चिडून झालं की त्यांचा हात हमखास आपल्या डोक्यावर यायचा.

तोवर मी खाणं जवळजवळ सोडलंच होतं. कोणी म्हणालं वांगं, ते बंद. कोणी म्हणालं तुरीची डाळ, शेंगदाणा, दही, आंबट. मासे तर इथे आल्यापासून सुटलेच होते. नुसत्या भातावर आले. बाईंनी माझं वजन केलं आणि विचारलं, काय काय खातेस. मी सांगितलं, कांदा-लसूणसुद्धा खात नाही.

"तू जैनांच्या रसोड्यात राहतं. तिथं कांदा नाई, लसून नाई, वांगं नाई, बटाटा नाई. दिवसभर तेच खातं. तरी उठते ना?"

"उठतं."

"मंग त्या कांद्याले कायले बदनाम करून राह्यली?"

पडवीतल्या बाया हसायला लागल्या. बाईंनी आपला डबा उघडला. ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीतली पालकाची डाळभाजी, शेंगदाण्याची चटणी. अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. "खाय. मी इथंच बसतो." मी रडत रडत खाल्लं. ती चटणी किती चांगली लागली, काय सांगू. पेशंट येत होते, जात होते, मी कोपऱ्यात हात बघत बसले होते. काही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं, तेव्हा नेमकं उठलं. बाईंना जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "पाह्य, आता उपासाले नाव ठेव."

मग तो दिवस आला ज्याची मला भीती होती. वाढताना माझी बाही वर सरकली आणि एका यात्रेकरू बाईंनी माझा हात बघितला. त्यांनी ताट सारलं. व्यवस्थापकांकडे गेल्या. व्यवस्थापक भला माणूस, मला काका हाक मारू द्यायचे. त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं, "बरं होईपर्यंत घरी राहा, बेटा. लोकांना काय सांगू मी?" मी पोळपाट धुऊन उभं करून ठेवलं. हे पुन्हा आडवं होणार नाही असं वाटलं. मला वाटलं, झालं, इथलं माझं संपलं.

गोदामावशीने कोणालाही न विचारता बाईंना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी पंगत बसली असताना बाई भोजनशाळेत आल्या आणि सरळ पाटावर बसल्या. भाषण नाही, भांडण नाही. व्यवस्थापकांना म्हणाल्या, "लय दिवसानं आली मी जेवाले. त्या कोकणातल्या पोरीले बोलवा. तिच्याच हातची पोयी पाह्यजे मले." मला घरून बोलावून आणलं. मी लाटली, मावशीने भाजली. बाईंनी मला वाढायला लावलं, आणि मी वाकले तशी माझी बाही स्वतःच्या हाताने वर सारली. त्या दिवशीही हातावर गांधी होत्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी माझा हात आपल्या गालाला लावला, तसाच ठेवून पोळीचा तुकडा तोडला आणि खायला लागल्या. "तूप वाढा ना," एवढंच बोलल्या.

जेवण झाल्यावर व्यवस्थापकांना त्यांनी बाजूला घेतलं. "हे लागट नाई. पन उन्हाळ्यात तिले भट्टीजवळ बसवू नोका. गरमीनं उठते. तिले कनीक मयाले द्या." तेव्हापासून भोजनशाळेची कणीक मी मळते. बांगड्याही बाईंनी मला मोठ्या मापाच्या भरायला लावल्या आणि परकराची नाडी सोडवून रुंद पट्टी शिवायला सांगितली. सासूबाईंना ढिल्या बांगड्या आवडल्या नाहीत, पण त्यांचीही टाप नव्हती बाईंपुढे.

काम राहिलं, तरी मनातलं ते 'पाणी लागलं' काही जाईना. एक दिवस मी बाईंना विचारलंच, "मला माहेरी जाऊ का? तिकडे गेल्यावर कदाचित जाईल."

मला वाटलं रागावतील. त्यांनी पेन शोधलं, आम्ही सांगितलं, त्यांनी ते अंबाड्यातून काढून माझ्या हातात दिलं. "जाय. मायले भेट, मासे खाय. उठलं तर रिंगण काढ. नाई उठलं तर तिथंच राह्य, मी तुह्या नवऱ्याले समजावतो."

गावी उतरले आणि ओल्या मातीचा वास आला. पहिले काही दिवस खरंच काही उठलं नाही. आई म्हणाली, "हवा बदलली, आता औषध कित्याक खातंस गो?" गोळ्यांची पाकिटं तिने फडताळात ठेवून दिली. मी बांगड्याचं तिखलं, म्हणजे आमच्याकडचं माशाचं तिखट कालवण, खाल्लं, विहिरीचं पाणी प्यायले, आणि मनाशी ठरवून टाकलं की वाशीमचं पाणीच वाईट. आणि मग एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना मांडीला चावल्यासारखं झालं. बघते तर तीच गांध. तशीच गुलाबी, तशीच फुगलेली. आई रडायला लागली. आमसुलं भिजवून तिने मला ते पाणी चोळलं, मी चोळू दिलं. मग पेन काढलं आणि त्या गांधीभोवती रिंगण काढलं. दुसऱ्या दिवशी ते रिकामं होतं.

ते रिकामं रिंगण बघून मला का हसू आलं, ते आईला कळलं नाही. माझ्या माहेरच्या पाण्यावरही ते उठत होतं. म्हणजे शिरपूरने मला नको म्हटलेलंच नव्हतं. मी फडताळातल्या गोळ्या काढल्या आणि नवऱ्याला फोन केला, की मला न्यायला ये.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या जिंकल्यासारखं काही बोलल्या नाहीत. "मासे कोन्ते खाल्ले?" विचारलं आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. रोज गोळी, बस. दात घासणं तसं. पित्त विरळ होत गेलं, मध्येच उसळायचं, पुन्हा विरळ. कधी मी हताश होऊन विचारायचे, "बाई, हे जाणार का?" त्या म्हणायच्या, "जाईन. बहुतेकांचं जाते. कवा जाईन थे मी सांगत नाई, कारन मले माहीत नाई." तोवर त्या "माहीत नाई" ची मला भीती वाटेनाशी झाली होती. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस जेव्हा "जाईल" म्हणतो, तेव्हा ते खरं असणार, असं वाटायचं.

मग बाईंनाच दिसेनासं झालं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी रिंगण वाकडं यायला लागलं. मुलगा नागपूरला न्यायला आला. शेवटच्या दिवशी पडवी माणसांनी भरली होती. मी कणकेच्या हातानेच पळत गेले. त्यांनी माझा हात डोळ्यांजवळ धरला, बाही वर केली, बोटांनी चाचपून बघितलं. दोन-तीन गांधी होत्या. "पेन कुठं गेलं माहं?" त्या पर्स चाचपायला लागल्या. या वेळी एकटी मीच म्हणाले, "बाई, डोक्यात."

त्यांनी रिंगण काढलं. वाकडं, अर्ध्या गांधीवरून गेलेलं. "उद्या तूच पाह्यजो," म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या "ये" म्हणाल्या नाहीत.

त्या नागपूरला गेल्यानंतरही मी त्यांना फोन करून विचारूनच गोळी कमी केली. रोजची दिवसाआड केली, मग बंद. किती आठवडे झाले तरी काही उठलं नाही. सांगायला फोन लावला, तो मुलाने उचलला. बाई झोपेत आहेत, बोलणं होणार नाही, असं तो म्हणाला. पुन्हा लावीन म्हणून मी ठेवून दिला. लावायच्या आत गावात बातमी आली.

गोदामावशी मला ते सांगायला आली तेव्हा मी परातीत कणीक घेऊन बसले होते. मी हात धुतला, व्यवस्थापकांच्या टेबलावरचं पेन घेतलं आणि हातावर एक रिंगण काढलं.

मावशी जवळ येऊन वाकली. "काय उठलं व? मले त काई दिसत नाई."

"काहीच नाही उठलं, मावशी."

"मंग कायले काढून राह्यली?"

"बाईंना दाखवायचं राहून गेलं होतं."

मावशी माझ्या शेजारी बसली. पंगतीची वेळ होत आली होती. मी परातीत हात घातला आणि मळायला लागले. पहिल्या काही पोळ्यांच्या कणकेत ते निळं रिंगण हळूहळू उतरलं असेल. कोणाला काही कळलं नाही. सगळे पोटभर जेवले.